ऋणनिर्देशातला माणूस

वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून ते किती बक्षीस-समारंभांतून वाटले गेले असेल याची गणती नाही. माझ्या कपाटात त्याच्या तीन प्रती आहेत आणि तिन्ही बक्षिसाच्या आहेत. एक मला मिळालेली, दोन माझ्या मुलांना. गुलाम आईच्या पोटी जन्मलेला, आईला पळवून नेल्यावर पोरका झालेला, लोकांचे कपडे धुऊन शिकलेला एक काळा मुलगा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ होतो, ही कथा वाचून डोळे ओले झाले नाहीत असा मराठी वाचक विरळा. मीही रडलो आहे. पण गेली काही वर्षे एक प्रश्न माझ्या मनात ठाण मांडून बसला आहे. हे पुस्तक हृदयाशी धरणाऱ्या आपल्या सुशिक्षित समाजाला स्वतःच्या वर्गात बसलेला कार्व्हर का दिसत नाही?

हा प्रश्न मी पुस्तकाला विचारीत नाही. पुस्तकाने आपले काम केले आहे. मी तो वाचकाला विचारतो आहे, आणि त्या वाचकांत मी स्वतः आहे. रायगड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले. त्यामुळे पुढील विवेचन परीक्षकाचे कमी आणि आरोपीच्या जबानीचे जास्त आहे, हे वाचकांनी प्रारंभीच ध्यानात घ्यावे.

आपण कार्व्हर वाचतो तेव्हा त्यातून एकच शब्द उचलतो: जिद्द. हा शब्द पांढरपेशा मनाला फार सोयीचा आहे. जिद्द असली की मनुष्य वर येतो, असे एकदा मान्य केले की जो वर आला नाही त्याच्याजवळ जिद्द नव्हती, हे आपोआप सिद्ध होते. दार कोणी बंद केले होते आणि कोणी उघडले, हा प्रश्नच मग उरत नाही. वास्तविक कार्व्हरचे चरित्र हे जिद्दीइतकेच दारांचे चरित्र आहे. कॅन्ससमधील एका महाविद्यालयाने त्याला पत्राने प्रवेश दिला आणि तो दारात उभा राहिल्यावर, कातडीचा रंग पाहून, परत पाठवले. पुढे १८९० साली तो आयोवातील सिम्सन कॉलेजात चित्रकला शिकू लागला. तेथे एटा बड नावाच्या शिक्षिका होत्या. हा मुलगा झाडे नुसती काढत नाही, त्याला झाडे कळतात, हे त्यांनी ओळखले. त्यांचे वडील आयोवाच्या शेतकी महाविद्यालयात उद्यानविद्येचे प्राध्यापक होते. बाईंनी त्याला तिकडे जाण्यास उद्युक्त केले. १८९१ मध्ये तो तेथे गेला. त्या संस्थेतील तो पहिला काळा विद्यार्थी. प्रारंभी त्याला इतर विद्यार्थ्यांच्या पंक्तीत जागा नव्हती. तळघरात, नोकरांबरोबर जेवावे लागे. मग त्याच्या जुन्या गावची एक गोरी बाई मुद्दाम आली आणि तळघरात त्याच्या शेजारी बसून जेवली. आपल्याला या प्रसंगाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. महाड याच जिल्ह्यात आहे.

परंतु मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट याहून रुक्ष आहे. लुई पॅमेल हे तेथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी कार्व्हरला पदवीनंतर सहायक नेमले, काचघर त्याच्या ताब्यात दिले, बुरशी ओळखण्याच्या कामाला लावले. १८९५ साली करंट आणि चेरी या फळझाडांच्या पानांवरील ठिपक्यांच्या रोगाविषयी तेथील कृषी प्रयोग केंद्राची जी पत्रिका निघाली, तिच्यावर पॅमेल आणि कार्व्हर अशी दोन नावे आहेत. एक गोरा प्राध्यापक आणि तीस वर्षांपूर्वीच्या गुलामाचा मुलगा, एका ओळीत. पॅमेल यांनी अखेरच्या ओळीत 'एका निग्रो विद्यार्थ्याचे साहाय्य झाले' असे लिहून त्याचे आभार मानले असते, तर त्या काळी कोणीही त्यांना नाव ठेवले नसते. उलट उदार म्हटले असते.

हे मी इतक्या ठामपणे का म्हणतो, हे सांगण्यासाठी मला गागोदे बुद्रुकला जावे लागेल.

गागोदे बुद्रुक हे पेण तालुक्यातील गाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म येथे झाला, म्हणून शाळा-महाविद्यालयांच्या सहली येथे येतात. विनोबांचे घर पाहतात, भूदानावर चार शब्द ऐकतात आणि डबे खाऊन परततात. गावाच्या मागे डोंगर आहे आणि डोंगराच्या अंगाला आदिवासी वाड्या आहेत. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत वाड्या नसतात. दहा-बारा वर्षांपूर्वी, पहिला पाऊस पडून गेल्यावर, मी द्वितीय वर्षाच्या पंचवीस विद्यार्थ्यांना घेऊन तेथे गेलो. आमचा हेतू विनोबा नव्हते, शेवळा होता.

शेवळा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सुरणाच्या कुळातली ही रानभाजी. पावसाच्या तोंडावर जमिनीतील कांद्यातून आधी फुलाचा जांभळट कोंब वर येतो, पान मागाहून. भाजी त्या कोंबाची होते आणि ती घशाला खाजते, म्हणून तिच्यात काकड नावाच्या झाडाची आंबट फळे घालतात. बाजारात शेवळ्याच्या जुडीशेजारी काकड ठेवलेले असतात ते याकरिता. आता शहरात या भाजीला मोठा भाव आला आहे आणि तिच्या पाककृती रंगीत छापल्या जातात. ती तोडणाऱ्या बाईला जुडीमागे काय मिळते ते छापले जात नाही. पण तो विषय वेगळा.

आम्ही डोंगरउतारावर दोरीने एक-एक मीटरचे चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनातील शेवळ्याचे कोंब मोजले. बहुतेक चौकोन रिकामे. मागील दोन वर्षांच्या मोजणीचे आकडे माझ्याजवळ होते, तेही असेच क्षीण. मी तेथेच उभा राहून विद्यार्थ्यांना निष्कर्ष सांगितला: अतिरेकी तोडीमुळे ही वनस्पती या उतारावरून नाहीशी होत चालली आहे. मुलांनी तो वह्यांत उतरून घेतला.

त्या पंचवीसांत एक कातकरी मुलगी होती. आमच्या विज्ञान शाखेत, मला आठवते तोवर, ती पहिलीच. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातील तीन आदिम जमाती म्हणून शासनाच्या कागदावर नोंदलेल्या आहेत, एवढे मी वर्गात सांगत असे, ती समोर बसलेली असताना. तिची वाडी त्याच डोंगराला होती. म्हणजे आम्ही सगळे सहलीला गेलो होतो आणि ती घरी. दिवसभरात मी तिला एकच प्रश्न विचारला. ही पाऊलवाट वर जाते का? ती 'हो सर' म्हणाली आणि पुढे झाली. पंचवीस विद्यार्थ्यांपैकी चोवीस माझे विद्यार्थी होते आणि एक वाटाड्या, ही वाटणी मी केव्हा केली, मला कळलेही नाही.

परतताना, एस.टी.ची वाट पाहत असता, इतर मुले लांब आहेत असे पाहून ती माझ्याजवळ आली. म्हणाली, "सर, आमच्या बाया पहाटेच येऊन गेल्या. पेणला न्यायची असते ना भाजी. म्हणून दिसली नाही तुम्हाला." मी म्हटले, मग तेच तर मी म्हणतो, तोड फार आहे. ती थोडी थांबली. मग म्हणाली, "तोडतात ते फूल, सर. कांदा कोण काढत नाही. आणि दर कांदा दरसाल फुलत नाही. जो फुलत नाही त्याचे नुसते पान येते. श्रावणात मोजा."

श्रावणात मी एकटाच गेलो. तेच चौकोन पुन्हा आखले. रिकामे म्हणून नोंदलेल्या चौकोनांतून पाने उभी होती. तीन वर्षे मी झाडे मोजीत नव्हतो. बाया किती पहाटे उठतात ते मोजीत होतो. आणि त्या मोजणीवरून त्यांनाच जंगलाचे गुन्हेगार ठरवीत होतो. मी, ज्याच्या आजाला गुन्हा न करता चावडीवर हजेरी द्यावी लागे!

मी टिपण लिहिले. मोजणीचा हंगाम चुकला तर वनस्पतीच्या संख्येविषयी कसा विपरीत निष्कर्ष निघतो, असा त्याचा आशय होता. एका चर्चासत्रात ते वाचले, पुढे ते छापले गेले. टिपणावर नाव माझे. शेवटी, बारीक अक्षरात: 'क्षेत्रीय कामात एका स्थानिक विद्यार्थिनीचे सहकार्य लाभले, तिचे आभार.' सहकार्य! त्या टिपणात जे काही नवे होते ते तिचे होते. माझी होती ती दोरी आणि भाषा. तिचे नावही मी लिहिले नाही. छापील प्रत मी तिला दिली. तिने ती उभ्या उभ्या वाचली, पान उलटून शेवटची ओळ वाचली आणि म्हणाली, "चांगले आहे, सर." तृतीय वर्षाचा प्रवेश तिने घेतला नाही. दिवाळीनंतर घरची माणसे वीटभट्टीवर गेली, धाकटी भावंडे होती, शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही, अशी कारणे मला मागाहून समजली. त्यातले एकही खोटे नाही. पण टिपणावर तिचे नाव असते तर तिने परत यावे असे आम्हाला वाटते, एवढे तरी तिला कळले असते.

ऋणनिर्देश हा वाङ्मयप्रकार समीक्षकांनी कधी तपासलेला नाही. तो तपासला पाहिजे. परिसरविज्ञानावरील कोणताही प्रबंध उघडा. मुखपृष्ठावर एक आडनाव असते आणि ऋणनिर्देशात पहिले नाव, आडनावाशिवाय. अमुक भाऊ, तमुक मामा, 'ज्यांनी जंगल दाखवले'. जंगल 'दाखवणे' म्हणजे काय? ज्याने हे झाड कोणत्या पाखरामुळे येथे उगवले ते सांगितले, त्याने जंगल दाखवले की जंगलाचे शास्त्र सांगितले? मुखपृष्ठ आणि ऋणनिर्देश यांच्यातील अंतर हे गाव आणि वाडी यांच्यातील अंतर आहे.

याच जिल्ह्यातील किहीम येथे १९३० साली सालिम अली यांनी सुगरणीच्या घरट्यांचा जो अभ्यास केला तो जगभर नावाजला गेला आणि तो योग्यच होता. त्यांचे आत्मचरित्र, 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' (१९८५), मी वारंवार वाचले आहे. एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली; तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामांनी त्याला चिठ्ठी देऊन मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाकडे धाडले. १९०८ सालची ही गोष्ट. मंडळाचे सचिव मिलार्ड यांनी ती रानचिमणी असल्याचे सांगितले, आणि मग जे केले ते खरे मोलाचे: पक्ष्यांच्या संग्रहाचे कप्पे त्या मुलासमोर उघडले, पुस्तके दिली, पक्षी भरून ठेवण्याची विद्या शिकवली. सालिम अली यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. नोकरी नसताना ते किहीमला राहू शकले आणि घरट्यांकडे पाहत बसू शकले.

या कथेत मला मत्सर वाटावा असे काही नाही. मी फक्त तिच्यातील एक पात्र बदलून पाहतो. कातकऱ्याचा बारा वर्षांचा मुलगा गलोलीने पाखरू पाडतो. त्याच्याही मनात असेल, हे वेगळे दिसते. त्याचा मामा भट्टीवर आहे. चिठ्ठी कोणाला लिहिणार? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाखरू हातात असणे हा गुन्हा आहे. कायदा असू नये असे मी म्हणत नाही. पण ज्या एका कृत्याने एका मुलाला संग्रहालयाचे दार उघडते त्याच कृत्याने दुसऱ्याला वनखात्याच्या चौकीचे दार उघडते, आणि दोन्ही वेळा मुलाचे कुतूहल सारखेच असते. रोजगार नसणे म्हणजे एकाला निरीक्षणाची सवड, दुसऱ्याला सहा महिन्यांचे स्थलांतर.

आता थोडे आपल्या घरात. आपल्या चळवळीने निसर्गाकडे पाठ फिरवली हे मान्य केले पाहिजे. विद्यार्थिदशेत मी दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' चार पाने वाचून बाजूला सारले होते. ज्याला पावसाळा म्हणजे गळणारे छप्पर, त्याने मेघांचे रंग काय मोजायचे, असा माझा आवेश होता. तो नकार खोटा नव्हता. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या गौरवगाथेचा जो समाचार घेतला, त्यामागे आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव उभा होता. गागोद्याला जन्मलेले विनोबा ग्रामस्वराज्याचे स्वप्न पाहू शकले. गावकुसाबाहेरचा माणूस ते स्वप्न पाहू शकत नव्हता. पर्यावरणाची आपल्याकडील बरीच भाषा खेड्याच्या त्या जुन्या गौरवातूनच आली आहे. मुकुल शर्मा यांनी 'कास्ट अँड नेचर' (२०१७) या इंग्रजी ग्रंथात दलितांचे अनुभव भारतीय पर्यावरणवादाच्या कसे बाहेर राहिले ते विस्ताराने मांडले आहे. साहजिकच आपल्या घरात विज्ञान म्हणजे डॉक्टर किंवा इंजिनिअर. माझ्या एका बौद्ध विद्यार्थ्याचे वडील मला म्हणाले होते, "सर, आम्ही चिखलातून बाहेर काढला त्याला. तुम्ही परत चिखलात नेता?" मला उत्तर सुचले नव्हते.

आज सुचते ते एवढेच, की सौंदर्यवाद्यांचा निसर्ग नाकारता नाकारता आपण निसर्गाचे शास्त्रही त्यांच्या हवाली केले. पाणी कोणाचे, गायरान कोणाचे, धरणाखाली कोण जाणार, अभयारण्याची रेषा कोणाच्या चुलीवरून ओढायची, हे निर्णय त्या शास्त्राच्या आधाराने होतात. चवदार तळ्याचा २० मार्च १९२७ चा संगर हा पाण्यावरील हक्काचा होता. आज पाण्यावरचा अहवाल लिहितो कोण? हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुलाने २०१६ साली जाताना मागे ठेवलेल्या पत्रात विज्ञानावरील, ताऱ्यांवरील आणि निसर्गावरील प्रेम सांगितले होते. त्याला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचे होते. आपण त्या पत्राचा निषेधासाठी उपयोग केला, तो करावाच लागत होता. पण आपल्या मुलाला निसर्गशास्त्राची ओढ असू शकते, ही त्यातील साधी बातमी आपण नीट वाचली नाही.

मग करायचे काय? एकलव्याचा दाखला आपल्या लेखांतून इतका वापरला गेला आहे की त्याचा उरलेला हातही झिजला असेल. मी तो देणार नाही. मी केळुसकर गुरुजींचा देईन. चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसलेला मुलगा त्यांनी पाहिला, त्याची विचारपूस केली, पुस्तके दिली, आपण लिहिलेले बुद्धचरित्र दिले. आणि शिक्षण अडले तेव्हा सयाजीराव महाराजांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. भीमराव नावाच्या मुलाजवळ जिद्द कमी होती काय? तरीही कोणीतरी दारापर्यंत चालत जावे लागले.

अमेरिकेतील परिसरवैज्ञानिकांच्या संघटनेने, इकॉलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकाने, १९९६ साली 'सीड्स' नावाचा उपक्रम सुरू केला. ज्या समाजांतील मुले या शास्त्रात दिसत नाहीत त्यांना पदवीच्या वर्गात असतानाच हाताशी धरायचे, क्षेत्रभेटींना न्यायचे, संशोधनाला पाठ्यवृत्ती द्यायची, वार्षिक अधिवेशनात प्रत्येकाबरोबर एक जाणता माणूस द्यायचा, असे त्याचे स्वरूप. कार्व्हरनंतर शंभर वर्षांनी त्यांना हे करावे लागले, यात त्यांचा गौरव आहे तशी नामुष्कीही आहे. आपल्याकडे आरक्षणाने मुलगा वर्गाच्या दारातून आत येतो, ही बाबासाहेबांची देणगी. आत आल्यावर दोरीचे दुसरे टोक कोणाच्या हातात द्यायचे हे मात्र प्राध्यापक ठरवतो. ते कोणत्याही परिपत्रकात नाही. अभ्याससहलीची वर्गणी, पावसाळी बूट, दुर्बीण, बिनपगारी 'स्वयंसेवक' म्हणून जंगलात घालवायचा उन्हाळा, परकी लॅटिन आणि त्याहून परकी इंग्रजी: प्रत्येक पायरीवर एक मूल गळते आणि आपण म्हणतो, त्याला आवड नव्हती. आवड नव्हती! ज्याच्या घरी बारा महिन्यांच्या भाज्यांची नावे तोंडपाठ असतात त्याला!

निवृत्तीनंतर, मागच्या पावसाळ्यात, मी पुन्हा त्या वाडीवर गेलो. ती तेथेच राहते. दोन मुले आहेत, बचतगटाचे हिशेब ती लिहिते. टिपणाची दुरुस्ती छापायला पाठवायची आहे आणि लेखकांत तुझे नाव घालायचे आहे, असे मी सांगितले. क्षमा मागण्याची वाक्ये मी वाटेत जुळवली होती, ती बोलता आली नाहीत. ती म्हणाली, "आता काय उपयोग, सर?" मी गप्प राहिलो. तिने आत जाऊन चहा टाकला. मग बाहेर येऊन म्हणाली, "घाला. पण आईचे पण घाला. मला तिनेच सांगितलेले."

तीन नावांनी दुरुस्ती पाठवली. संपादकांचे पत्र आले: दुसऱ्या व तिसऱ्या लेखकाची संस्था नमूद नाही, संस्थेशिवाय नाव घेता येत नाही, कृपया संस्थेचे नाव व पत्ता कळवावा. मी उत्तरी लिहिले: कातकरवाडी, गागोदे बुद्रुक, तालुका पेण, जिल्हा रायगड. त्याला आता तीन महिने झाले.